जॅझच्या रेकॉर्डचा संग्रह नागपुरात कसा सुरू करावा: आधी काय, नंतर काय

ओळखीतल्या पाच-सहा जणांनी माझ्याकडून जॅझच्या रेकॉर्डची यादी मागून नेली. प्रत्येकाने ती वरपासून खालपर्यंत एकदम मागवली. आज त्यातल्या बहुतेक रेकॉर्ड वेष्टनातून बाहेरही आलेल्या नाहीत, आणि एकाच्या घरी कूलरसमोरच्या मांडणीवर ठेवलेली जॅकेटं ओल धरून एकमेकांना चिकटली. या मंडळींना गाण्याची आवड नाही असं मुळीच नाही. त्यांचा क्रम चुकला. म्हणून यादी देण्याऐवजी हा क्रमच लिहितोय.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. आपण कधी नुसता 'मारवा' मागत नाही. कोणाचा मारवा, कुठल्या मैफलीतला, साथीला कोण, हे विचारतो. जॅझची रेकॉर्ड घेताना हेच विचारायचं असतं. तीच चाल शंभर जणांनी वाजवलेली असते. आपण घेतो ती एका दिवसाची, एका खोलीतली, ठरावीक माणसांची बैठक. 'जॅझचे सर्वोत्तम पन्नास' असले संच या कारणासाठी घेऊ नका. त्यात ना तारीख धड दिलेली असते, ना साथीदारांची नावं.

## टप्पा १: महिनाभर एक रुपयाही खर्च करू नका

फोनवर जे मिळतं ते पुरेसं आहे. 'काइंड ऑफ ब्लू' ही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ची रेकॉर्ड लावा आणि तिच्यातला दुसरा तुकडा, 'फ्रेडी फ्रीलोडर', आठवडाभर रोज एकदा ऐका. काम करता करता नको, बसून ऐका.

हा बारा मापांचा ब्लूज आहे, म्हणजे बारा मापांची फेरी परत परत येणारा जॅझमधला जुना साचा. प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एक फेरी ४८ मात्रांची. तबल्याचं आवर्तन मोजता तसं बोटांवर मोजा. सुरुवातीला सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण त्याच फेरीवर आपलं म्हणणं मांडतो आणि शेवटी चाल परत येते. त्या काळच्या बहुतेक रेकॉर्डची बांधणी अशीच आहे. पहिले दोन दिवस मोजणी चुकेल. बास वाजवणारा पॉल चेंबर्स ठेका कधीच सोडत नाही, त्याचा हात धरून चाला.

तपासा: नवी फेरी कुठे सुरू झाली हे न मोजता कळायला लागलं का? लागलं असेल तर पुढे जा. नसेल तर अजून एक आठवडा द्या. हा टप्पा गाळणाऱ्याला पुढचं सगळं एकसारखंच ऐकू येतं.

## टप्पा २: एलपी, सीडी की फाइल

तिन्ही एकदम सुरू करू नका. एलपीसाठी टर्नटेबल, त्याला 'फोनो' जोडणी असलेला ॲम्प्लिफायर, चांगली सुई आणि मुख्य म्हणजे जागा लागते. शंभर एलपींचं वजन पंचवीस किलोच्या आसपास भरतं. साध्या 'ऑक्स'च्या भोकात टर्नटेबल जोडलं तर आवाज बारीक आणि पिचका येतो, आणि लोक दोष रेकॉर्डला देतात.

खर्च बेताचा असेल तर माझं स्पष्ट मत सीडीच्या बाजूने आहे. जुन्या सीडी स्वस्त मिळतात, सोबतच्या पुस्तिकेत वादकांची नावं आणि तारखा असतात, आणि एफएलएसी फाइल करून ठेवली की मूळ आवाज जसाच्या तसा राहतो. फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

सावधान: सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर दिसायला छान असतात, पण त्यातले बरेचसे सुईचा जास्त भार टाकतात आणि खाचा झिजवतात. महागाची रेकॉर्ड त्यावर लावू नका.

## टप्पा ३: पहिल्या सात, याच क्रमाने

सगळ्यात मोठी चूक इथे होते. शाळेच्या इतिहासासारखं १९२५ पासून सुरू करून लोक पुढे यायला बघतात. त्या काळचा आवाज दबलेला असतो. नवा कान तिसऱ्या मिनिटाला थकतो. म्हणून मधून सुरुवात करा. एका रेकॉर्डला किमान तीन आठवडे द्या.

एक, 'एला अँड लुई' (१९५६). एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो. शब्द असलेलं गाणं आधी, कारण चाल धरून ठेवायला शब्दांचा आधार होतो. एका ओळीला एला कशी सरळ ठेवते आणि तीच ओळ लुई कशी मागे खेचतो, एवढंच ऐका. याच जोडीची पुढच्या वर्षीची 'एला अँड लुई अगेन' वेगळी आहे, घेताना नाव नीट वाचा.

दोन, 'मोनिन' (ध्वनिमुद्रण १९५८). ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्याचा गट, जॅझ मेसेंजर्स. पहिल्याच तुकड्यात पियानो एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. कीर्तनात बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा, तसं. ज्यांना वाद्यसंगीत परकं वाटतं त्यांना मी हीच ऐकवतो, आणि हिला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

तीन, 'टाइम आउट' (१९५९). डेव्ह ब्रूबेकची चौकडी. 'टेक फाइव्ह' सगळ्यांना माहीत असतं, पाच मात्रांचं, तीन अधिक दोन. पण तेवढंच ऐकून रेकॉर्ड बाजूला ठेवू नका. पहिल्या तुकड्यात नऊ मात्रा आहेत, दोन-दोन-दोन-तीन अशा, आणि दर चौथ्या मापात त्या तीन-तीन-तीन होतात. तालाची समज असलेल्याला हे टाळी देत मोजण्यात फार आनंद आहे.

चार, 'काइंड ऑफ ब्लू'. आता ती विकत घ्या. सुरुवातीला एकच तुकडा ऐकलात, आता पाचही ऐका. 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये पियानोवर विंटन केली आहे आणि बाकी चारही तुकड्यांत बिल एव्हान्स. एकामागोमाग ऐकून दोघांचा हात ओळखता येतो का बघा. केलीचा हात खेळकर आणि उड्या मारणारा. एव्हान्स एक सूर ठेवतो, तो विरेपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला हात लावतो.

पाच, 'सॅक्सोफोन कोलोसस' (१९५६). सनी रॉलिन्स. शेवटचा 'ब्लू सेव्हन' हा अकरा मिनिटांचा तुकडा नीट ऐका. एवढ्याशा कल्पनेवर तो बढत करत जातो, पुन्हा तिच्याकडे येतो, तिला उलटी करतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही पद्धत चटकन जवळची वाटेल. ड्रमवर मॅक्स रोच आहे, तोही तीच कल्पना हातात घेतो.

सहा, 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' (१९६१). बिल एव्हान्सचं त्रिकूट, न्यूयॉर्कच्या एका तळघरातल्या क्लबात, २५ जून १९६१ला. हेडफोन लावा. पियानो एकीकडे, बास दुसरीकडे, आणि मागे पेल्यांचा किणकिणाट, कोणाचं तरी बोलणं. त्या दुपारी तिथल्या लोकांना आपण काय ऐकतोय याचा अंदाज नसावा. बासवर स्कॉट लाफारो आहे. तो साथ करत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. वय २५. याच दिवसाची दुसरी रेकॉर्ड 'वॉल्ट्झ फॉर डेबी' नावाची. पुढेमागे तीही घ्या.

सात, 'अ लव्ह सुप्रीम'. जॉन कोल्ट्रेन, ९ डिसेंबर १९६४, चार भाग, जेमतेम ३३ मिनिटं. ही शेवटी आणि सलग. मधे फोन घ्यायचा नाही. चौथ्या भागात, 'साम'मध्ये, कोल्ट्रेन स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर वाजवतो, शब्दागणिक. ती प्रार्थना जॅकेटच्या आत छापलेली आहे. ती समोर धरा आणि ओळीवर बोट ठेवून ऐका. कुठला सूर कुठल्या शब्दाचा हे हळूहळू उलगडतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रेकॉर्ड माझ्याकडे सहा वर्षं होती. सहा वर्षं मी ती अर्धीच ऐकत होतो. म्हणून आतली प्रार्थना नसलेली प्रत घेऊ नका.

तपासा: सातांपैकी कुठल्या दोन तुम्ही न सांगता पुन्हा लावल्यात? पुढची खरेदी त्या दोघींच्या दिशेने होईल.

आर्मस्ट्राँगची १९२५ ते १९२८ची 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' ध्वनिमुद्रणं आता, आठवी म्हणून घ्या. 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला तो एकटाच जी ट्रम्पेटची तान घेतो, तिचं मोल सात रेकॉर्ड ऐकलेल्या कानाला बरोबर कळतं.

## टप्पा ४: कुठली आवृत्ती, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

नाव तेच, जॅकेट तेच, आतला आवाज वेगळा, असं जॅझमध्ये नेहमी घडतं. चार उदाहरणं पुरेत.

'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचे तीन तुकडे २ मार्च १९५९ला मुद्रित झाले. त्या दिवशी मुख्य टेप यंत्र थोडं हळू चालत होतं. त्यामुळे ती टेप नेमक्या वेगाने वाजवली की सूर किंचित चढा लागतो. १९९०च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून हे दुरुस्त झालं. त्याआधीच्या सगळ्या एलपींत चूक आहे. घरी पेटी असेल तर जुनी एलपी लावून सूर मिळवून बघा, मिळत नाही. म्हणून ऐकण्यासाठी दुरुस्त आवृत्ती घ्या. जुनी हवी असेल तर हौस म्हणून घ्या.

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची 'ॲट न्यूपोर्ट' (१९५६), न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली मैफल, याहून विचित्र. मूळ एलपीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून तयार केलेला होता. त्याच्या वाद्यवृंदातल्या सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हेसने सलग २७ फेऱ्यांचा सोलो घेतला तो खरा, पण तो चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिल्यामुळे लांबून ऐकू येतो. दुसऱ्या मायक्रोफोनची, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओची टेप पुढे सापडली आणि १९९९मध्ये दोन सीडींचा पूर्ण संच आला. इथे तोच संच घ्यायचा.

चार्ल्स मिंगसच्या 'मिंगस आह अम'मधले अनेक तुकडे मूळ एलपीवर कापलेले होते. नंतरच्या सीडींवर ते पूर्ण आहेत.

आणि 'सॅक्सोफोन कोलोसस' मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीत, मुद्रित झालेली आहे. तिच्या एखाद्या जुन्या प्रतीवर 'स्टिरिओ' छापलेलं दिसलं तर तो एकाच आवाजाचे कृत्रिमपणे दोन भाग पाडलेला प्रकार आहे. ऐकताना डोकं गरगरतं. सोडून द्या.

सावधान: युरोपात १९६२पर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांचा हक्क ५० वर्षांनी संपला. त्यामुळे कोणीही, कसल्याही स्रोतावरून, नव्या चकचकीत एलपी काढतो. जॅकेटवर मूळ टेपचा उल्लेख नसेल तर ती सीडीवरूनच कापलेली असण्याची शक्यता धरा. मग सरळ सीडीच घेतलेली काय वाईट?

## टप्पा ५: जुनी एलपी हातात घेतल्यावर

नागपुरात जुन्या पाश्चात्त्य रेकॉर्ड मला इतवारीत जुन्या सामानाच्या ढिगात मिळाल्या, आणि सदर, मोहननगर, कामठीकडच्या जुन्या घरांतून, घर रिकामं होताना. मुंबईचा चोरबाजार आहेच. कुठेही घ्या, क्रम हाच ठेवा.

आधी रेकॉर्ड बाहेर काढा आणि लेबल जॅकेटशी जुळवा. एकदा एका विक्रेत्याने बंद पाकिटात पाठवलेल्या माइल्सच्या जॅकेटमधून मला शिकवणीची इंग्रजी उच्चारांची रेकॉर्ड मिळाली होती, आणि परत घ्यायला त्याने नकार दिला. तेव्हापासून आतल्या लेबलाचा फोटो आल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.

मग रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेने धरा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करा. उजेडाची पट्टी फिरत जाते. केसासारख्या बारीक रेघा चालतात. नख अडकेल अशी चीर चालत नाही, ती दर फेरीला टक् वाजणार. खाचांवर राखाडी धुरकटपणा दिसला आणि पुसून गेला नाही, तर ती बोथट सुईने घासलेली आहे. हिला धुऊनही उपयोग नाही. पांढरे ठिपके बुरशीचे असतील तर बहुधा निघतात.

शेवटी लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी बघा. तिथे हाताने कोरलेले किंवा ठोकलेले आकडे-अक्षरं असतात. 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' अशी रोमन अक्षरं दिसली तर तबकडीचा साचा रुडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाने स्वतः कापलेला आहे. जरा जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

## टप्पा ६: सुई आणि धुणं

सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर लिहिलेला असतो, साधारण दोन ग्रॅमच्या आसपास. छोटा वजनकाटा घेऊन तो मोजा. सुई उडते म्हणून वर चार आण्याचं नाणं चिकटवायची जुनी सवय घरोघरी होती, ती रेकॉर्ड खाते.

जुनी रेकॉर्ड न धुता कधीही लावू नका. तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. इन्व्हर्टरच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं. बोअरचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात. लेबल कोरडं ठेवून, मऊ मायक्रोफायबरने, खाचांच्या दिशेने गोल पुसा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दुसरा हात. भांड्यांच्या जाळीत सावलीत उभी वाळवा.

सावधान: ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. अल्कोहोल लागलं की लाख विरघळते. त्यांना फक्त पाणी.

## टप्पा ७: नागपूरच्या उन्हाळ्यातून आणि पावसाळ्यातून

इतर शहरांसाठी लिहिलेले सल्ले इथे पुरत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि जूनच्या मध्यापासून हवा एकदम ओली होते.

एलपी पीव्हीसीची असते आणि साठ अंशांच्या पुढे ती आकार सोडू लागते. उन्हातली बंद गाडी तिथवर सहज पोचते. नवतपाच्या दिवसांत मी इतवारीतून घेतलेल्या चार एलपी मागच्या काचेखाली ठेवून बर्डीत जेवायला थांबलो. चाळीस मिनिटं. परत आलो तेव्हा वरच्या दोघींच्या कडांना पापडासारख्या लाटा आल्या होत्या. त्यातली एक 'मोनिन' होती. तेव्हापासून नियम: एप्रिल ते जून एलपी कुरिअरने मागवायची नाही, आणि घेतलीच तर हातात धरून थेट घरी.

मांडणी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. संध्याकाळी तिला हात लावून बघा, रात्री दहापर्यंत ती गरम असते. लोखंडी कपाटही त्या भिंतीला नको. सुताराकडून लाकडी मांडणी करून घ्या. कप्प्याची आतली उंची ३४ सेंटिमीटर, दर फुटाला उभी फळी, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर, म्हणजे वाळवी आली तर दिसते. रेकॉर्ड उभ्या आणि सरळ ठेवा. आडवी थप्पी नको, तिरकी टेकवलेली रांगही नको.

आता कूलर. इथला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही हे मान्य. पण तो ओली हवा फेकतो आणि जॅकेटचा पुठ्ठा ती पितो. रेकॉर्डच्या खोलीत कूलर असेल तर झोत विरुद्ध दिशेला आणि एक खिडकी उघडी. सगळ्यात वाईट पंधरवडा पहिल्या पावसानंतरचा. बाहेर दमट झालेलं असतं आणि सवयीने कूलर चालूच राहतो. त्या पंधरवड्यात तो बंद करून पंख्यावर या.

आतलं पाकीट पॉलिथिनचं हवं. जाड, मऊ, चकचकीत पीव्हीसीची कव्हरं दुकानदार प्रेमाने घालून देतात. आपल्या उन्हात ती रेकॉर्डला धरतात आणि न निघणारा धुरकट डाग सोडतात. घरी आल्याबरोबर काढून टाका. पावसाळाभर प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, महिन्याने बदला. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ सीडीच्या डब्यांच्या प्लास्टिकला खाते.

तपासा: पोळ्याच्या सुमारास प्रत्येक जॅकेट उघडून नाकाशी धरा. ओलसर वास आला तर आतलं पाकीट बदला आणि जॅकेट दोन दिवस पंख्याखाली उघडं ठेवा. उन्हात नको.

## टप्पा ८: वही, आणि पुढची खरेदी

दुरेघी वही घ्या. प्रत्येक रेकॉर्डला एक पान: मुख्य वादक, सगळे साथीदार, ध्वनिमुद्रणाची तारीख, जागा, कुठली आवृत्ती, कितीला घेतली. खाली तुम्हाला काय ऐकू आलं ते दोन ओळीत.

पुढचं नाव या पानांतूनच येतं. 'काइंड ऑफ ब्लू'चा पॉल चेंबर्स आवडला? तोच कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'मध्ये आहे, १९५७चं ध्वनिमुद्रण. आणि 'जायंट स्टेप्स'मध्येही. त्यातल्या 'नाइमा' या तुकड्यात तर पियानोवर विंटन केली आणि ड्रमवर जिमी कॉब, म्हणजे 'फ्रेडी फ्रीलोडर'चेच चौघे पुन्हा भेटतात. मॅक्स रोच आवडला असेल तर ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबरच्या त्याच्या १९५४पासूनच्या रेकॉर्ड शोधा.

तबला आहे म्हणून 'शक्ती' या भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र वाजवणाऱ्या गटापासून सुरुवात करावी का, असं हमखास विचारतात. त्यांची १९७६ची पहिली रेकॉर्ड माझ्या कपाटात आहे आणि मनापासून आवडते. पण तिच्यात आपला कान आपल्याच ओळखीच्या गोष्टी शोधत बसतो, आणि जॅझची फेरी ओळखायला ती शिकवत नाही. ती वीस रेकॉर्डनंतर घ्या. त्याआधी कोल्ट्रेनचं 'इंडिया' ऐका, नोव्हेंबर १९६१, तेच व्हिलेज व्हॅनगार्ड, तेच तळघर. एव्हान्सच्या रविवारनंतर पाच महिन्यांच्या आत. वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहा.